विभूतीखालची डिस्क

एप्रिल लागला की अकरावीच्या भूगोलाच्या पेपरांचे गठ्ठे माझ्याकडे मुक्कामाला येतात. शुक्रवार पेठेतलं आमचं घर अरुंद आणि लांबुळकं. मधल्या खोलीला खिडकी नाही, म्हणून त्यातल्या त्यात तीच गार. फरशीवर ओलं फडकं फिरवायचं, पंखा लावायचा आणि लाल पेन घेऊन बसायचं. मुलं लिहितात, ‘सोलापूरचे हवामान उष्ण व कोरडे आहे.’ मी बरोबरची खूण करते. उष्ण व कोरडे! बाहेर गल्लीत दुपारी कुत्रं दिसत नाही, माठातलं पाणीही कोमट लागतं, आणि ही पोरं तीन शब्दांत मोकळी होतात. चूक त्यांची नाही, पुस्तकात तेवढंच छापलंय.

परवा पेपर तपासतानाच दिवे एकदम प्रखर झाले, पंखा वेड्यासारखा गरगरला आणि पुन्हा मंद झाला. मी हातातलं सगळं टाकून कोपऱ्याकडे धावले, प्लग ओढायला. तिथं आता ओढायला प्लगच नाही. टेबलावर नुसते गेल्या वर्षीचे गठ्ठे आहेत. तरी हात भिंतीशी गेलाच, आणि मग मी तशीच त्या टेबलाला टेकून उभी राहिले.

तो उन्हाळा असाच एका दुपारी सुरू झाला होता.

त्या टेबलावर अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा कॉम्प्युटर असे. अप्पा सरकारी कचेरीत कारकून. पन्नाशीला आल्यावर त्यांना हे वेड लागलं. कुठल्याशा मासिकाबरोबर एक सीडी मिळाली, तीत लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. लोक चित्रांवर क्लिक करून कामं करत होते तेव्हा अप्पा काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाईप करत, आणि पडदा त्यांना ओळीओळीनं उत्तर देई. ते त्यांना फार आवडे. आयुष्यभर साहेबांच्या आज्ञा ऐकलेल्या माणसाला कुणीतरी ऐकणारं मिळालं, असं मी चेष्टेनं म्हणायची. त्यांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, ‘नीरु’ नावाचा. नीरु म्हणजे कानडीत पाणी. आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली. गल्लीत नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार, हे तो प्रोग्राम सांगे. शेजारच्या बायका दारातून विचारत, ‘अप्पा, पानी कवा येतंय वो?’ अप्पा पडद्याकडे बघून गंभीरपणे वार सांगत. तो बहुतेक वेळा चुकायचा. बायका मान डोलवून जात आणि पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला फोन करत. पण अप्पांना तसं कुणी कधी सांगितलं नाही, आणि विचारायचंही सोडलं नाही.

अव्वाचं, माझ्या आईचं, या मशीनशी नातं वर्षातून एकाच दिवसापुरतं, खंडेनवमीला. त्या दिवशी घरातली विळी, कात्री, शिलाई मशीन, अप्पांची सायकल, सगळ्यांची पूजा. कॉम्प्युटर आला त्या वर्षी ती तबक घेऊन समोर बसली आणि डब्याकडे बघतच राहिली.

‘डब्याला लावून काय उपेग? आत काम कोन करतंय ते दावा की.’

अप्पांनी निमूटपणे स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला आणि हार्ड डिस्क दाखवली. ‘हे बघ. सगळं हिच्यात ऱ्हातंय.’

‘एवढीशी?’ म्हणत अव्वानं विभूती पाण्यात कालवली आणि तीन बोटांनी डिस्कवर तीन पट्टे ओढले. वर कुंकवाचा टिळा. तिचं एक बोट पाट्याखाली सापडून वाकडं झालेलं, त्यामुळे खालचा पट्टा नेहमी तिरका जाई. मग दरवर्षी तेच. आधीची विभूती पुसायची नाही, तिच्यावरच नवी. पुढं पुढं डिस्कवरचा छापील कागद दिसेनासा झाला आणि सिमेंटसारखी खरबरीत खपली धरली. मी एकदा म्हटलं, ‘अव्वा, बिघडेल ना गं.’ ती म्हणाली, ‘देवाच्या अंगाऱ्यानं कुटं काय बिघडतंय?’ आणि खरोखर वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. भोवतीचं एकेक सुटं अंग बदललं, डिस्क मात्र तीच राहिली.

बिघडली ती अव्वाच. एका पावसाळ्यात ताप आला आणि ती गेली. त्यानंतर अप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि म्हणाले, जे सवयीचं आहे ते मोडू नका. अप्पांच्या सवयीचं एकच उरलं होतं. सकाळी लिंगपूजा झाली की ते हात धुऊन, शर्टाची बटणं लावून त्या खुर्चीवर बसत. तारीख विचारत, ‘नीरु’ चालवत, काहीबाही टाईप करत. दुपारपर्यंत ते तिथं असत आणि तेवढा वेळ ते माझे जुने अप्पा असत. त्या खुर्चीवरून त्यांनी अव्वा कुठं आहे असं एकदाही विचारलं नाही.

मग ती एप्रिलची दुपार. विजेचा दाब वर गेला, मशीनमधून चट्‌ असा आवाज आला आणि खोलीभर जळकट वास सुटला. अप्पा खुर्चीवर बसूनच राहिले. पडदा काळा होता, पण तो नेहमीच काळा असे, त्यामुळे ते उत्तराची वाट बघत होते. मी दोनदा सांगितलं, ‘अप्पा, बंद पडलंय.’ ते म्हणाले, ‘सावकाश हाय जरा. येतंय.’

दुसऱ्या दिवशी ते उठले आणि घरभर फिरले. ‘अव्वा यल्ली?’ अव्वा कुठाय? मी खरं सांगितलं. त्यांचा चेहरा असा पडला, जणू त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. ते रडले. तासाभरात विसरले आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा रडले. एका माणसाला त्याची बायको रोज किती वेळा मेल्याचं सांगायचं? मी बाजारात गेलीय म्हणू लागले, तर ते दारात उभे राहून वाट बघू लागले. आणि एका रणरणत्या दुपारी मी कॉलेजातून आले तर दार सताड उघडं, चपला जागेवर, आणि अप्पा नाहीत.

ते सापडले अक्कलकोट नाक्याच्या पुढं, अनवाणी, तळव्यांना फोड आलेले. एका बाईनं त्यांना टपरीच्या सावलीत बसवून पाणी दिलं होतं. कुठं निघालात म्हणून विचारलं तर म्हणाले होते, ‘सासुरवाडीला. बायकोला आणाया.’ अव्वाचं माहेर अक्कलकोटकडचं. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते आणि ते मला नावानं हाक मारून समजूत घालत होते, ‘गिरजा, लांब न्हाय की गं.’

त्या दिवसानंतर मी बाहेर जाताना दाराला कुलूप लावू लागले. आतून ते दार वाजवत. गल्लीच्या तोंडापर्यंत तो आवाज ऐकू येई. मी कॉलेजात पेपर तपासत असे आणि मला तो आवाज तिथंही ऐकू येई.

माझा धाकटा भाऊ शशी पुण्यात असतो. तो फोनवर म्हणाला, ‘अक्का, असं नाही चालणार. इथं एक चांगली संस्था आहे, चोवीस तास माणसं असतात. मी महिनाअखेरीस गाडी घेऊन येतो.’ त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. अनोळखी गावात, अनोळखी खाटेवर अप्पा कुणाला हाक मारणार, आणि कुठल्या भाषेत? मी म्हटलं, ‘महिनाअखेरीपर्यंत मला वेळ दे. त्यांचं मशीन मी चालू करते.’ तो हळूच म्हणाला, ‘अक्का, तुला येतं का त्यातलं काही?’

येत नव्हतं. अजूनही येत नाही. मला नकाशे येतात, वारे येतात, जमिनीचे प्रकार येतात. पण त्या महिन्यात मी दुसरं काही केलं नाही. आधी नवा लॅपटॉप अप्पांसमोर ठेवून बघितला. त्यावर पिवळी-निळी चित्रं आली, अप्पांनी तो दोन्ही हातांनी दूर सारला. ‘हे माझं न्हाय.’ पडदा काळा करून दाखवला, तरी नाही. अक्षरं वेगळी होती, बटणं वेगळी होती, विचारलेल्या प्रश्नाला तो अप्पांच्या मशीनसारखा उत्तर देत नव्हता. कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांनी डिस्क तपासून सांगितलं, डिस्क जिवंत आहे, आतलं सगळं शाबूत आहे, पण इतकी जुनी प्रणाली आजच्या मशीनवर सुरू होणार नाही. तिच्याच वयाचं मशीन हवं.

तिच्याच वयाचं मशीन मिळालं नव्या पेठेतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात. दुकानदार सलीमभाईंनी भंगारातून एक पिवळट पडलेला डबा ओढून काढला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘मॅडम, इसकू अब कौन चलाता? आपकू कायकू होना?’ मी खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुकानात रडले असते.

घरी आणून रुंद पट्टीची केबल जोडली, बटण दाबलं. गुरगुर झाली, दिवा लुकलुकला, आणि पडद्यावर अक्षरं धावू लागली. तीच, अप्पांची! मी ओरडलेच, ‘अप्पा, या!’ ते दारापासून लगबगीनं आले, हात धुऊन बसलेसुद्धा. आणि अक्षरं थांबली. शेवटची ओळ म्हणत होती, मूळ जागा सापडत नाही, कर्नल पॅनिक. मशीन घाबरून जागीच उभं राहिलं होतं. अप्पा थोडा वेळ वाट बघून उठले, दाराकडे गेले आणि कडीशी खटपट करू लागले.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. बंद करायचं, केबल काढायची, पुन्हा खोचायची, बटण दाबायचं. तीच धाव आणि तोच थांबा. घामानं हात निसटत होते. एका दुपारी मी त्या डब्याला लाथ घातली आणि मग घाबरून डिस्कची माफी मागितली, देवाची मागावी तशी. मला कशावरच विश्वास नव्हता, पण त्या दिवसांत मी सिद्धेश्वराच्या देवळाकडे तोंड करूनही बटण दाबून पाहिलंय.

सलीमभाईंना फोन केला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. डिस्कच्या मागं पिना असतात, त्यांतल्या दोन पिनांवर एक बारकी टोपी असते, जंपर म्हणतात तिला, ती आहे का? नव्हती. काढता-घालताना कुठंतरी पडली होती. टोपी नसली की डिस्क स्वतःला दुसऱ्या नंबरची समजते, आणि आतली प्रणाली आपलं घर पहिल्या नंबरवर शोधत बसते. इतकं साधं होतं. मी म्हटलं, मग कुठल्या पिनांवर बसवू? ते म्हणाले, ‘हर कंपनी का अलग रहता. डिस्क पो कागज है ना, उसपो नक्शा छपेला रहता. वो देख के लगाव. अंदाज से नक्को, जल गई तो मेरे पास मत आव.’

नकाशा! मुलांना नकाशावाचन शिकवण्यात माझी हयात गेली. आणि हा एक नकाशा नेमका अव्वाच्या विभूतीखाली होता.

मी ओला कापूस घेऊन बसले आणि बसूनच राहिले. वरच्या थरावर तिच्या बोटांचे ठसे स्वच्छ दिसत होते, खालचा तिरका पट्टा तर अगदी काल ओढल्यासारखा. तिची लुगडी आम्ही वाटून टाकली होती, फोटोत ती कधी नीट आली नाही. तिचा हात म्हणून या जगात राहिलेलं एवढंच होतं. मोबाईलवर फोटो काढला, पण फोटोत ते नुसते राखाडी डाग दिसले. बाहेरच्या खोलीत अप्पा आतून दार वाजवत होते. शशी यायला दोनच दिवस उरले होते. एकाला ठेवायचं तर दुसऱ्याला पुसावं लागणार होतं, आणि विचारायला घरात शहाणं माणूस नव्हतं. मी अव्वाला शिव्या दिल्या, इतकी जागा होती, नेमकं इथंच का लावलंस म्हणून. मग पुसायला लागले.

खपली सहज निघाली नाही. एकेक थर भिजवावा लागला. विभूतीखाली कुंकू, कुंकवाखाली पुन्हा विभूती, प्रत्येक खंडेनवमी वेगळी सुटत होती. फरशीवर करडं-गुलाबी पाणी ओघळत होतं. दार वाजायचं कधी थांबलं मला कळलं नाही. अप्पा मागं येऊन उभे होते.

‘काय पुसतीस?’

अप्पा खाली बसले, त्या ओघळात तीन बोटं बुडवली आणि कपाळावर ओढली. हात जोडले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘जास्त पाणी घेऊ नगं. आत जाईल.’

कागद फाटका-तुटका वर आला, पण नकाशा होता. चौकोन, आठ टिंबं, आणि कडेच्या दोन टिंबांवर भरलेली काळी चौकट. सलीमभाईंकडून आणलेली टोपी चिमट्यानं त्या जागी बसवली. बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. गुरगुर ऐकू आली. मग थांबेल, आता थांबेल असं वाटत असताना ती चालूच राहिली. डोळे उघडले तर जिथं रोज थांबायचं ती जागा मागं पडली होती. मध्येच त्यानं एक कुरकुर केली की शेवटची नोंद भविष्यकाळातली दिसते. तिचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मग पडदा शांत झाला आणि नाव विचारू लागला.

अप्पा हात धुऊन आले. बटणं लावली, बसले. नाव टाईप केलं. मग परवलीचा शब्द. तो मला माहीत नव्हता, आणि इतक्या दिवसांत हे डोक्यातही आलं नव्हतं. पहिल्यांदा चुकला. अप्पांनी बोटं मांडीवर पुसली आणि पुन्हा टाईप केला, आणि मशीननं त्यांना आत घेतलं.

त्यांनी सवयीनं तारीख विचारली. उत्तर आलं, एक जानेवारी. सालही कुठलं तरी जुनं, मी कॉलेजात शिकत होते तेव्हाचं. भंगारातल्या त्या डब्यातला घड्याळाचा सेल मरून गेला होता, म्हणून ते बिचारं आपल्या जन्मवर्षापासून मोजायला लागलं होतं. मी दुरुस्त करायला पुढं झाले, तोवर अप्पांनी ते वाचलं होतं. दोनदा वाचलं. त्यांचे खांदे सैल झाले, किती तरी दिवसांनी.

‘आत्ता ध्येनात आलं,’ ते म्हणाले. ‘जानेवारी हाय की. अव्वा माहेरी गेलीय. दरसाल जातीय. गड्ड्याला येईल माघारी.’

गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. अव्वा खरंच नव्या वर्षाच्या सुरुवातीला माहेरी जायची आणि जत्रेला परत यायची. माझा हात की-बोर्डजवळ तसाच राहिला. अप्पांनी ‘नीरु’ चालवला, पाणी परवा येतंय असं जाहीर केलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, ‘कानटोपी दे की. थंडी हाय.’ बाहेर उन्हाची लू चालली होती. मी कानटोपी आणून दिली.

महिनाअखेरीस शशी गाडी घेऊन आला. अप्पा कानटोपी घालून टाईप करत होते, दार उघडं होतं, आणि ते दाराकडे बघतही नव्हते. शशीनं पडदा पाहिला आणि हळूच म्हणाला, ‘अक्का, सेल गेलाय. नवा बसव, तारीख धरून ठेवील.’ मी म्हटलं, ‘नको.’ त्याला कळायला थोडा वेळ लागला. संध्याकाळी तो एकटाच परत गेला, गाडीची मागची सीट अप्पांसाठी अंथरलेली, तशीच.

रात्री मशीन बंद केलं की घड्याळ पुसलं जाई आणि सकाळी पुन्हा एक जानेवारी. उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला, त्या खोलीत मात्र नवीन वर्ष रोज नव्यानं लागत होतं. दिवाळीनंतर अप्पा गेले, घरातच, झोपेत. लोक मला विचारत, इतके महिने खोट्यात कसं ठेवलंत? खरं सांगून त्यांना रोज रडवणं मी आधी करून बघितलं होतं.

पण आज पेपर तसेच पडलेत आणि मला आठवतेय ती त्याच वर्षीच्या मे महिन्यातली एक सकाळ. कॉलेजला सुट्टी होती. घरात भांड्यांचा आवाज नव्हता, चुलीवर काही नव्हतं, आणि मला अचानक अव्वा इतकी हवीशी झाली की स्वयंपाकघरात उभं राहवेना. अप्पा आदल्या पावसाळ्यापासून विसरत होते, शशी लांब होता, तिच्याबद्दल बोलायला मला कुणी उरलं नव्हतं. मी अप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं,

‘अप्पा, अव्वा कधी येणार?’

त्यांनी पडद्यावरची तारीख पाहिली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग कानटोपी वर सारून माझ्याकडे वाकून बघितलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

‘आता दोन आठवडे ऱ्हायले की गं. एवढ्यासाठी रडतीस व्हय?’